पुरुषांची वेळ

मिर्वाने टॉवेल काखेत घट्ट खोचला आणि पुरुषांच्या वेळेत सौनाच्या वाफखोलीचं दार ढकललं.

वाफेत बसलेले तिघे एकदम गप्प झाले. कंपनीचा संचालक ओस्मो याने मांडीवरचा पंचा सावरला.

"बायकांची वेळ संपली, मिर्वा."

"ठाऊक आहे. संपेपर्यंत मी एकटीच बसले होते. सरका."

कुणी सरकलं नाही. ती त्यांच्यामधून वाट काढत वरच्या फळीवर जाऊन बसली.

नदीवरच्या जलविद्युत केंद्राची ती प्रमुख होती. तिसऱ्या टर्बाइनचं बेअरिंग तापतंय, खाली माणसं काम करतात, यंत्र आजच थांबवू या, असं तिने दुपारच्या बैठकीत सांगितलं होतं. "बघू या," ओस्मो म्हणाला होता. त्याचं हे 'बघू या' तिला पाठ होतं. पुरुष मंडळी सौनातून ओल्या केसांनी बाहेर यायची, तेव्हा सगळं ठरलेलं असायचं. मागच्या हिवाळ्यात तिचं म्हणणं असंच वाफेत विरलं आणि फिटर एर्क्कीची दोन बोटं गेली. पुढच्याच महिन्यात फाटकावर तिचा भला मोठा फोटो लागला. खाली लिहिलं होतं, 'आमचं नेतृत्व स्त्रियांच्या हाती'. यंत्र थांबवायचा अधिकार खरोखरच तिच्या हाती होता. पण ओस्मोला विचारल्याशिवाय तो वापरायचा नाही, हा रिवाज तीही मुकाट्याने पाळत आली होती.

"टर्बाइनचं काय ठरलं?" तिने विचारलं.

"इथे कामाचं कोण बोलतंय?" हिशेबखात्याचा वेइक्को हसला. "आम्ही मासेमारीच्या गप्पा मारत होतो."

"मारा की. मलाही गळ टाकता येतो."

तिने तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं. मग आणखी एक पळी. वेइक्कोचे कान लालबुंद झाले. माशांचा विषय मात्र कुणी काढला नाही.

"नदीत एक बुडी मारून येतो," म्हणत ओस्मो उठला. पाठोपाठ बाकीचे दोघेही उठले.

खिडकीतून नदीचा धक्का दिसत होता. थंडीने तिघांचे पाय जागच्या जागी नाचत होते, पण पाण्यात कुणी उतरत नव्हतं. डोकी जवळ आली होती. वेइक्कोने मान डोलावली. ओस्मोने त्याच्या पाठीवर थाप मारली.

पळी बादलीत ठेवून मिर्वा कपड्यांच्या खोलीत आली आणि तिने केंद्राच्या नियंत्रण कक्षात फोन लावला. पाळीवरच्या साकूने उचलला.

"तीन नंबर बंद कर."

पलीकडून यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"ओस्मोला विचारलंस? बैठकीत ठरलं का?"

"ठरलं," ती म्हणाली. "बैठकीत आता मी एकटीच आहे."

"करतो बंद," साकू म्हणाला.

ती बूट चढवत होती. बाहेर नदीवरची घरघर हळूहळू उतरत गेली. धक्क्यावर ओस्मो बोलता बोलता थांबला आणि केंद्राकडे वळून पाहू लागला.