मांडीवरचं मडकं

येळवसेच्या दिवशी लातुरात चोरालाही करमत नसेल. अख्खं शहर शेतात गेलेलं असतं. दुकानांची शटरं खाली, रिक्षा गायब, चौकात कुत्री रस्त्याच्या मधोमध पाय ताणून पडलेली. मार्गशीर्षातली ही अमावस्या. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात जातो आणि ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. पूजा होते, पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खाल्ले जातात, वर ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील पिऊन माणसं झाडाखाली आडवी होतात.

अशा दिवशी सकाळी मार्तंडराव स्कूटरवरून निलंग्याच्या रस्त्याला लागले होते. पायाशी पिशवीत भज्जीचा डबा. मागे इंदूबाई, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, दुसरा मांडीवरच्या मडक्याभोवती. मडक्यात आंबील, मडक्यावर घोंगडीचा तुकडा बांधलेला. इंदूबाई खुशीत होत्या. मार्तंडराव मात्र मागं वळून बघायचं टाळत होते, कारण आपण नेमकं कुणाच्या शेतात चाललोय हे त्यांना

खड्डा.

आंबील हिंदकळली. इंदूबाई म्हणाल्या, हळू की हो, तुमच्या मोजणीची साखळी न्हाई ही, आंबील हाय.

तर, ठाऊक नव्हतं.

मार्तंडराव मोजणी खात्यातून रिटायर झालेले. निम्म्या जिल्ह्याची शेतं त्यांनी साखळी टाकून मोजली, आणि स्वतःच्या नावावर तुळशीच्या कुंडीपलीकडे माती नाही. त्यांचे मित्र दोन, गुरुबसप्पा आणि माणिकप्पा. दोघांना शेत, दोघांचं येळवसेला आमंत्रण. गेल्या वर्षी हे गुरुबसप्पाकडे गेले, तर माणिकप्पा संक्रांतीपर्यंत बोलला नाही. तिळगूळ दिला तोही दुसरीकडे बघत. त्याच्या आदल्या वर्षी असंच, फक्त रुसलेला माणूस वेगळा.

यंदा मार्तंडरावांनी तोडगा काढला. गुरुबसप्पाला सांगितलं, यंदा माणिकप्पाला शब्द दिलाय. माणिकप्पाला सांगितलं, गुरुबसप्पाला दिलाय. दोघंही बरं म्हणाले, समजूतदारपणे. कुणी रुसलं नाही, कुणी तोंड फिरवलं नाही. मार्तंडराव आपल्या हुशारीवर खूश होऊन घरी आले आणि ती खुशी जिना चढेपर्यंत टिकली. वरच्या पायरीवर त्यांना ताकाचा आणि लसणाचा वास आला. इंदूबाईंनी आंबील लावली होती. तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं की दोघांचा वाद मिटवताना आपण स्वतःला उभं राहायलाही जागा

खड्डा.

ठेवलेली नाही.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण इंदूबाई निलंग्याकडच्या. लहानपणापासून एकही येळवस त्यांनी सिमेंटवर केली नव्हती. भाऊ हैदराबादला गेले, माहेरचं शेत दुसऱ्याच्या नावावर झालं, तरी हा एक दिवस त्यांनी सोडला नाही. एरवी गुडघ्याला तेल लावत कण्हणारी ही बाई त्या दिवशी चपला काढून ढेकळातून चालायची आणि मोठ्यानं हसायची. वर्षातून एकदा ते हसू ऐकायला मिळतं हे मार्तंडरावांना माहीत होतं. इंदूबाईंनी विचारलं, यंदा कुणाकडं? हे म्हणाले, जायचं की तिकडंच. आणि पेपर तोंडासमोर धरला.

अर्थात त्यांनी एक विचार केला होता. येळवसेला रस्त्यानं जाणारा कुणीही उपाशी जात नाही. शेतातून हाक येते, या जेवायला, आणि ओळख नसली तरी बसवून वाढतात. म्हणजे फक्त रस्त्यानं जायचं. कुणीतरी बोलावेल. मग आपण म्हणायचं, इंदू, आता आग्रह मोडायचा कसा.

त्यांनी स्कूटर हळू केली. डाव्या हाताला एका शेतात कडब्याची खोपटासारखी कोप उभी होती, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते, भोवती माणसंच माणसं. एक म्हातारी उठून उभी राहिली. मार्तंडरावांनी आशेनं ब्रेक दाबला. म्हातारीनं मडक्याकडे बघितलं, हात हलवला आणि लवकर जावा म्हणाली, पूजा खोळंबली असंल तुमची.

पुढच्या शेतातही तेच. त्याच्या पुढच्या शेतात एका माणसानं नुसती मान डोलावली. त्याचा बांध मार्तंडरावांनी एकदा मोजला होता आणि तो निकाल त्याला आवडलेला नव्हता. त्यानंतरच्या शेतात लोकांनी प्रेमानं विचारलं, अजून वाटंतच का? मार्तंडरावांचं सगळं गणित त्या मडक्यानं बिघडवलं होतं. रिकाम्या हातानं जाणाऱ्याला सगळे बोलावतात. ज्याच्या बायकोच्या मांडीवर आंबिलीचं मडकं आहे, त्याला आपलं शेत आहे, त्याची माणसं वाट बघतायत. त्याला अडवणं म्हणजे

खड्डा. हा मोठा होता.

पाप.

मग मार्तंडरावांनी शेवटचा उपाय केला. एका भरल्या शेतासमोर हळूच चावी फिरवून स्कूटर बंद पाडली आणि चेहरा चिंतेचा केला. तीन तरणे पुरुष जेवणावरून उठून पळत आले. मार्तंडरावांना वाटलं, झालं काम. पण त्या तिघांनी उष्टे हात पँटला पुसले, एकानं चावी बघितली, दुसऱ्यानं किक मारली, तिसऱ्यानं मागून ढकललं. स्कूटर भुर्रकन चालू झाली. जावा मामा, तुमच्या पोरासोरांना भूक लागली असंल, म्हणून ते ओरडलेही. मार्तंडरावांनी आभार मानले. इतक्या जड मनानं त्यांनी आजवर कुणाचे आभार मानले नसतील.

थोडं पुढं गेल्यावर खांद्यावरचा हात घट्ट झाला.

"थांबवा गाडी."

थांबवली.

"गुरुबसप्पाचा फाटा मघाच गेला," इंदूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, माणिकप्पाकडं. आता माणिकप्पाचाबी गेला. आणि चालू गाडीची चावी फिरवताना बघितलंय मी. आपण कुणाकडंच चाललो न्हाई ना?"

मार्तंडरावांनी सगळं सांगितलं. सांगताना ते त्यांना घरात वाटलं होतं तितकंही शहाणपणाचं वाटेना. इंदूबाई ऐकत होत्या. रस्त्यावरून उसाची एक ट्रॉली गेली. मार्तंडरावांनी घसा साफ केला.

"आता घरी जाऊन गच्चीवर करू म्हणा फक्त," त्या म्हणाल्या. "मडकं इथंच फोडते."

मार्तंडराव अगदी तेच म्हणणार होते. त्यांनी तोंड मिटलं.

इंदूबाई उतरल्या. मडकं नवऱ्याच्या हातात दिलं, रस्त्याकडेच्या बाभळीखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, ही जागा कुणाची?

आयुष्यभर लोकांनी मार्तंडरावांना हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी डांबराची कड बघितली, शेताचा बांध बघितला, मडकं सांभाळत पावलं टाकली. मग म्हणाले, बांधापलीकडं शेतकऱ्याचं. अलीकडं रस्त्याची हद्द. सरकारी पट्टा आहे हा, कुणाचाच नाही.

"कुणाचाच न्हाई म्हंजे आज आपला," इंदूबाई म्हणाल्या आणि चपला काढल्या.

पुढचं सगळं रस्त्यानंच पुरवलं. ट्रॉलीतून पडलेले ऊस गोळा केले, त्यांची टोकं एकत्र बांधून कोप उभी केली. दुरुस्तीसाठी टाकलेल्या खडीच्या ढिगातून पाच दगड निवडले. पांडवांना चुना लागतो. इंदूबाईंनी न बोलता हात पुढं केला. बारा ठिकाणी लपवूनही ही वस्तू बायकोला ठाऊक असते, असं मनाशी म्हणत मार्तंडरावांनी तंबाखूच्या चंचीतली चुन्याची डबी काढून दिली. पाचही दगड पांढरे झाले. हळदीकुंकू लागलं, उंडे ठेवले, भज्जी ठेवली.

तेवढ्यात निलंग्याकडून एसटी आली. येळवसेची एसटी, अगदीच रिकामी. इंदूबाईंनी रस्त्याच्या कडेला जाऊन हात केला. गाडी थांबली, दार उघडलं, कंडक्टरबाईंनी कुठं जायचं म्हणून विचारलं. त्यांच्या खाकी शर्टावरच्या पाटीवर लुंबिनी असं नाव होतं.

"जायचं न्हाई कुठं," इंदूबाई म्हणाल्या. "उतरा. जेवून जावा."

लुंबिनीनं ड्रायव्हरकडे बघितलं. ती भोकरची, तो हदगावचा. तिकडं या अमावस्येला असलं काही नसतं. सकाळपासून दोघं भरलेली शेतं आणि रिकामे स्टॉप बघत चालले होते, आणि लातूरची कँटीन बंद असणार हे त्यांना डेपोत कुणीतरी सांगितलं होतं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. दोघं बाभळीखाली मांडी घालून बसले. भज्जीत काय काय घातलंय हे लुंबिनीनं विचारलं आणि इंदूबाईंनी पाल्याभाज्या, शेंगा, चिंच, बेसन असं सगळं इतकं सविस्तर सांगितलं की तोवर ड्रायव्हरचा तिसरा उंडा संपला. आंबील प्यायल्यावर तो म्हणाला, आता मला झोप येऊन राहिली, गाडी कोण चालवंल? इंदूबाई हसल्या. मोठ्यानं, मागच्या शेतातली माणसं वळून बघतील अशा.

मार्तंडराव डबा पुसत होते. त्यांचा हात थांबला.

एसटी गेल्यावर फोन वाजला. गुरुबसप्पा. माणिकप्पाची भज्जी कशी झालीय, असं खोचकपणे विचारत होता. मार्तंडरावांनी इंदूबाईंकडे बघितलं. त्या पांडवांपुढचा ऊस सारखा करत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही, पण ऐकत होत्या.

"माणिकप्पाकडं नाही गेलो," मार्तंडराव म्हणाले. "खोटं बोललो तुला. त्यालाही. तुम्ही दोघं रुसता म्हणून."

मग गुरुबसप्पानं विचारलं, मग वहिनी कुठं हाईत?

"आमच्या शेतात."

"तुमचं कुठलं आलं शेत?"

"माणिकप्पाला घे बरोबर आणि ये. त्याच्या फाट्यापुढं, बाभळीखाली. स्कूटर दिसेल."

गुरुबसप्पा म्हणाला की त्याला अजून राग यायचाय, तो तिथं आल्यावर निवांत येईल. तोवर त्यांनी आंबील संपवू नये.

इंदूबाईंनी एका तांब्यात आंबील ओतली आणि नवऱ्यापुढं धरली. पाहुणे यायच्या आत शिंपडून या, म्हणाल्या. शेताच्या कडेनं आंबील शिंपडत, ओलगे ओलगे म्हणत, पूर्ण फेरी मारायची असते.

मार्तंडराव तांब्या घेऊन निघाले. चार पावलं टाकून थांबले. एका बाजूला डांबर, एका बाजूला बांध, रुंदी काय ती कळत होती. पण लांबी? हा पट्टा रस्त्याबरोबर जातो. इकडं लातूर, तिकडं निलंगा.

"इंदू, आपलं शेत संपतं कुठं?"

इंदूबाईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि निलंग्याच्या दिशेनं बघितलं.

"दमलात की वळा," त्या म्हणाल्या.