दोन जागी वाढलेलं ताट

यंदा गावाने मला पाटकरी केलं. म्हणजे पाटाचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं ते मी ठरवायचं, आणि पाणी कमी पडलं की शिव्याही मीच खायच्या. त्याआधी ऑगस्टात रितिपाताला, आमच्या डोंगराला, ताट द्यायचं असतं. कोकाची पानं, आमच्या लोकरीच्या जनावराची, अल्पाकाची, चरबी, मका आणि थोडी दारू, सगळं नीट बांधून बर्फाच्या पायथ्याशी, सपाट दगडाजवळ पुरायचं. माझ्या बापाने तिथेच पुरलं, त्याच्या बापानेही तिथेच.

मी वर गेलो तर दगड होता, बर्फ नव्हता. नुसती खडी. बर्फ पार वर सरकला होता, मळक्या गोधडीसारखा. आता ताट ठेवायचं कुठे? पाट मांडलाय दगडापाशी आणि जेवणारा उठून गेलाय वर! बराच वेळ डोकं खाजवलं आणि शेवटी अर्धं ताट दगडापाशी पुरलं, अर्धं धापा टाकत वर नेऊन बर्फाच्या कडेला.

खाली येऊन सांगितलं तर तेओदोसिओकाका खवळले. हे गावातले सगळ्यात जुने पाटकरी.

"अरे हिलारिओ, पाहुण्याला अर्धं चुलीपाशी आणि अर्धं दारात वाढतात का रे? अक्कल गहाण ठेवलीस?"

"मग तुम्ही जायचं होतंत! पाहुणा बसलाय कुठे तेच मला कळेना."

"बघ आता. थेंब मिळायचा नाही."

आणि झालं भलतंच. सप्टेंबर सरला, पावसाचा पत्ता नव्हता, तरी पाट तुडुंब. एरवी पाळीवरून एकमेकांची डोकी फोडणारे लोक जास्तीचं पाणी बाहेर काढायला चर खणत होते. तेओदोसिओकाकांनी मला चावडीसमोर गाठलं आणि पाठीवर थाप मारली.

"दोन जागी जेवला, म्हणून दुप्पट दिलं त्याने! माझ्या कधी डोक्यात आलं नाही बघ."

मी खुश झालो, खोटं कशाला बोलू? छाती काढून फिरलो दोन-चार दिवस.

मग रोसिओबाई वरून उतरल्या. त्या बर्फ मोजतात. दरवर्षी येतात आणि खडकावर लाल रंगाची खूण करून जातात. आमच्या चुलीशी बसून बटाट्याचं सूप पिता पिता म्हणाल्या, "हे पाणी म्हणजे तुमचा बर्फच आहे, हिलारिओ. हवा तापलीय, तो भराभर वितळतोय, म्हणून पाणी वाढलंय. पुढे कमी होत जाणार."

"म्हणजे डोंगर खुश आहे की आजारी?"

"ते मी कसं सांगणार?"

"बरं, कमी कधी होणार?"

"तेही नक्की नाही सांगता येत. काही वर्षं जातील. कदाचित लवकरही."

"मग एवढं मोजता कशाला, बाई?" माझी बायको बासिलिया त्यांना आणखी सूप वाढत म्हणाली. बाई हसल्या. मला मात्र हसू येईना. संपत चाललंय म्हणून जास्त येतंय, हे कुठलं गणित? पण त्या बाई कधी खोटं बोललेल्या नाहीत. आणि पाट तर माझ्या डोळ्यांसमोर वाहत होता.

पाणी टिकणार की आटणार हे मला कळायलाच हवं होतं, कारण आमची निल्दा. एकुलती एक मुलगी, खाली कुस्को शहरात एका खोलीत शिवणयंत्रावर वाकून लोकांचे कपडे शिवते. पाण्याची बातमी तिच्यापर्यंत पोचली आणि तिचा निरोप आला. वरची पडीक शेतं भिजत असतील तर ती यंत्र विकून कायमची परत येणार, बटाटा लावणार. रविवारी फोन करते, ताइताने, म्हणजे तिच्या बापाने, काय ते सांगावं.

"ये म्हण," बासिलिया म्हणाली.

"आणि पाणी आटलं तर?"

"मग नको म्हण."

"अगं, पण मला ती यायला हवीय!"

"मग माझं डोकं का खातोस? काहीतरी एक म्हण!"

आमच्याकडे फोनला रेंज फक्त पाटाच्या तोंडाशी मिळते. रविवारी आम्ही दोघं तिथे जाऊन बसलो. फोन वाजला.

"ताइता, काय करू मी?"

मी फोन पाण्यावर धरला. धो धो आवाज तिला ऐकू दिला.

"बाप रे! मी लहान असताना कुठे होतं एवढं?" ती म्हणाली. "ताइता, पाऊस तर नाही. मग हे येतंय कुठून?"

मी वर पाहिलं. रितिपाताच्या खांद्यावर काळा खडक उघडा पडला होता. तिथला खडक मी जन्मात पाहिला नव्हता. डोंगर देतोय हेही खरं वाटत होतं, आणि त्याचं संपत आलंय हेही. पोर घरी हवी, एवढंच मला नक्की ठाऊक होतं.

"ये, पोरी," मी म्हणालो. "वरचं शेत भिजतंय. पण यंत्र विकू नकोस."

"का?"

"अं... तुझ्या आईला घागरा शिवून हवाय."

उभ्या जन्मात स्वतः विणलेल्याशिवाय दुसरं कापड अंगाला न लावलेली बासिलिया माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने वर डोंगराकडे पाहिलं आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"हो गं," ती म्हणाली. "दोन शिवायचेत. यंत्र घेऊनच ये."