भिंतीवरचा एक ठोका

“शेजारची म्हातारी गप्प बसली तर रुसली असं समजू नकोस. उठून बघून ये,” सासूनं बजावलं होतं.

“मिसेस ओल्डरॉइड आणि गप्प?” मॅव्हिसनं हसण्यावारी नेलं होतं.

इंग्लंडात, हॅलिफॅक्समधल्या त्या गल्लीत घरं पाठीला पाठ लावून उभी. मॅव्हिसच्या आणि म्हातारीच्या घरातल्या शेकोट्यांमध्ये एकच भिंत. दर मंगळवारी टीव्हीवर नवं नाटक लागे; दोघी आपापल्या घरी बघत. नवी माणसं, नवं दुःख, आणि एकदा झालेलं नाटक पुन्हा कधी दिसायचं नाही. संपलं की म्हातारी निखारे ढवळायच्या सळईनं भिंतीवर निकाल देई. आवडलं तर एक ठोका, नाही तर दोन. आणि लगेच स्वतःचा टीव्ही बंद. “विजेचं बिल काय राणी भरते का?”

त्या मंगळवारी नाटकात लग्नाआधीच पोटुशी राहिलेली एक मुलगी होती. मागच्याच आठवड्यात असल्या विषयावरून दोघींची जुंपली होती. “तुझं कॉलेजचं शिक्षण ठेव तुझ्यापाशी!” म्हणून म्हातारी तणतणत गेली होती. म्हणून नाटक संपलं, ठोका आला नाही, तेव्हा मॅव्हिसनं मान उडवली. बसू दे फुगून.

नवरा गिरणीत पाळीवर. तिनं पाळण्यात वाकून तान्ह्या जिलचा श्वास पाहिला. मग पुन्हा पाहिला. आणि तेव्हा तिच्या कानावर आलं, भिंतीपलीकडे टीव्ही अजून चालूच होता, त्यावर कुस्त्यांचा गलका चालला होता.

म्हातारी आणि कुस्त्या?

जिलला शालीत गुंडाळून ती धावली. म्हातारीच्या दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून दोरीला बांधलेली किल्ली ओढली, दार उघडलं. मिसेस ओल्डरॉइड खुर्चीमागे आडवी, पाय वेडावाकडा, चहा सांडलेला.

“आलीस? आधी ते रेडे बंद कर.”

कोपऱ्यावरच्या फोनवरून अॅम्ब्युलन्स बोलावून मॅव्हिस परतली. म्हातारीला पांघरूण घातलं, हात हातात घेतला. तो गार पडला होता.

“मला वाटलं, रुसलात.”

“रुसले असते तर दोन हाणले असते, बावळट! एकच द्यायचा होता. सळईच हाताला लागेना.” मग हळूच, “पोरी, नाटकाच्या मध्यावरच पडले गं. पुढचं नुसतं ऐकू आलं. शेवटी आईनं दार उघडलं, तेव्हा त्या मुलीचा चेहरा कसा झाला? पुन्हा काही दाखवायचे नाहीत.”

मॅव्हिस उठली. जिलला छातीशी धरून दारात उभी राहिली, आणि त्या मुलीसारखी, आत घेतील की नाही अशा नजरेनं बघितलं.

म्हातारीचे डोळे भरले. “नाटक बरं केलं होतं हो,” ती म्हणाली, आणि बोटाच्या पेरानं जमिनीवर एकच ठोका दिला.

बाहेर अॅम्ब्युलन्सची घंटा वाजली.

मॅव्हिसचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या भिंतीपलीकडे रोज कुरकुरणारं कुणीतरी असेलच. आज आवाज आला का त्यांचा? आला नसेल तर ही गोष्ट खाली ठेवा आणि बघून या.