जवसाचं तेल आणि हिरवा रंग

मित्रांनो, शेवटचा साधा दिवस चोवीस एप्रिलचा होता. विल्फ ट्रेलोर आणि त्याची मुलगी एनिड दरवर्षीसारखी जवसाच्या तेलाचा डबा घेऊन माझ्याकडे आली. दुसऱ्या पहाटे सारं गाव युद्धात गेलेल्यांसाठी माझ्याभोवती उभं राहणार होतं.

मी एक जुनी मैदानी तोफ आहे. जर्मनीत घडले, तीन वर्षं फ्रान्सच्या चिखलात गोळे फेकले. ते कुणावर पडले, मला दिसलं नाही. मग ऑस्ट्रेलियन सैनिकांनी मला पकडलं आणि जहाजातून आणून गव्हाच्या या गावाला वाटणीत दिलं. पहिल्या वर्षी सगळ्यांनी बागेत येऊन माझ्याजवळ फोटो काढले. पुढे माझ्या नळीत संत्र्याच्या साली पडू लागल्या.

विल्फही तोफखान्यात होता, पण समोरच्या बाजूला. "काय गं म्हातारे, नेम चुकला ना तुझा?" असं तो मला दरवर्षी विचारायचा. तोफांनी त्याचे कान नेले होते. त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागे.

त्या दिवशी नगरपालिकेचा लेस बादली घेऊन आला.

"विल्फकाका, हिरवा रंग मारू द्या की एकदा! झकास दिसेल!"

"रंगाखाली ओल कोंडते. लाकूड आतून कुजतं."

"तुमच्या घराला तरी कुठाय रंग?"

"म्हणून तर उभं आहे."

लेस हसला. विल्फ माझ्या डाव्या चाकाच्या आऱ्यांना तेल चोळत राहिला. मग एनिडकडे न बघता दरवर्षीचं बोलला, "मेलबर्नला नर्सिंगला जायचं होतं तुला. माझ्यापायी अडकलीस."

एनिडने तोंड उघडलं. लेस दोन हातांच्या अंतरावर, सगळं ऐकू येईल असा उभा होता.

"बाबा, तेल सांडतंय!" ती ओरडली.

तेल सांडत नव्हतं.

दुसऱ्या पहाटे विल्फ उठलाच नाही; झोपेतच गेला. बिगूल वाजला तेव्हा माझ्या डाव्या चाकावर कुणाचा हात नव्हता. मला काही वाटलं नाही. लोखंडाला वाटत नसावं.

पुढच्या महिन्यात लेसने एनिडला रंगाचं विचारलं. "मारा," ती म्हणाली, आणि भाजीची पिशवी घेऊन चालू लागली. मी हिरवी झाले. माझं कौतुक झालं. तिसऱ्या हिवाळ्यात डावं चाक खचलं. आरे आतून भुसा झाले होते.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर वरवर रंग चढवू नका. तेल मुरायला वेळ लागतो. तेवढा वेळ तिच्याजवळ बसा.

चाक खचल्याचं कळल्यावर एनिड तेलाचा डबा आणि खरवडणी घेऊन आली. दुपारभर तिने उरलेल्या उजव्या चाकाचा रंग काढला, उघड्या लाकडाला तेल चोळलं. बागेत कुणी नव्हतं. मग तिने चाकावर हात ठेवला आणि नेहमीच्या, हळू आवाजात म्हणाली,

"मी अडकले नव्हते, बाबा. मला जायचंच नव्हतं. मला तुमच्याजवळ राहायचं होतं."