विजेची शेगडी

गोरक्ष आणि खंडेराव हे भाऊ निफाडकडचे. नाशकात वीज आली तेव्हा खांब उभे करायला माणसं हवी होती, म्हणून दोघे शहरात आले आणि त्याच कामात राहिले. एका सकाळी खंडेराव खांबावर चढला, तारेत करंट नाही असं समजून त्यानं हात घातला आणि वरच चिकटून राहिला. गोरक्ष खाली शिडी धरून उभा होता. पुढेही त्यानं तेच काम केलं, कारण दुसरं येत नव्हतं. लोकांच्या बंगल्यांत तो दिवे लावी. पंचवटीतल्या स्वतःच्या खोलीत मात्र कंदीलच होता.

त्याची बायको कुसाबाई. त्यांना मूलबाळ नव्हतं. खोली एकच, तिला खिडकीही नव्हती. बाहेर ओट्यावर चूल मांडू द्यायला घरमालक तयार नव्हता. कुसाबाईला खोकला लागला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. पुढे भाकरी थापताना ती मधेच थांबून दाराशी जाऊन बसू लागली, तेव्हा गोरक्ष तिला डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि गोरक्षकडे वळून म्हणाले, "धूर बंद करा. औषध नंतर."

कोळशाची शेगडी आणून बघितली. बंद खोलीत त्या कोळशानं कुसाबाईला भोवळ आली. उरल्या दोनच गोष्टी, स्टोव्ह नाहीतर वीज.

"स्टोव्ह आणतो," गोरक्ष म्हणाला.

कुसाबाईनं मान हलवली. तिची धाकटी बहीण साळूबाई घोटीला दिली होती. दोन वर्षांपूर्वी स्टोव्हचा भडका उडून ती भाजली. शेवटपर्यंत कुसाबाई तिच्या उशाशी बसून होती आणि केळीच्या पानावर निजवलेल्या बहिणीला चमच्यानं पाणी पाजत होती.

"त्यो आवाज कुठं ऐकला तरी मी कान झाकून घेते," ती म्हणाली. "अहो, तुमच्या हाताला वीज हाय. लोकांच्या घरी लावता, आपल्या घरी लावा की."

"घरात ती नाय येणार."

"का?"

"का, ते तुला ठाऊक हाय."

तिनंही खंडेरावाला पाहिलं होतं, पण खाली उतरवल्यानंतर.

पावसाळाभर चूल पेटत राहिली. गोरक्ष कामाला जाण्याआधी स्वतः भाकऱ्या करतो म्हणायचा, पण धूर तर त्याच खोलीत कोंडायचा. शेवटी कुसाबाईच म्हणाली, "आणा तुमचा स्टोव्ह. मी करीन धीर."

त्यानं पितळी स्टोव्ह आणला, रॉकेल भरलं, पंप कसा मारायचा, पिन कशी घालायची ते दाखवलं. निळी ज्योत सरसर करत उभी राहिली. कुसाबाई भिंतीला पाठ लावून बघत होती. "जमंल," ती म्हणाली.

तो रोज संध्याकाळी घरी यायचा आणि जेवण तयार असायचं. तिचा खोकला मात्र वाढतच होता. एकदा दुपारीच काम आटोपून तो परतला तेव्हा दाराच्या फटीतून धूर येत होता. आत कुसाबाई चुलीपुढे वाकून फुंकणी फुंकत होती. स्टोव्ह कोपऱ्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता.

"एकदाबी पेटवला नाय?"

"काडी ओढते, आन साळूचा चेहरा दिसतो," ती म्हणाली. "हात थांबतो. मी काय करू, सांगा ना!"

त्याला रागावता येईना. तिच्या केसांना, पदराला, उशीला धुराचा वास येत होता, आणि तो इतके दिवस त्याच खोलीत झोपत होता.

दुसऱ्याच दिवशी त्यानं घरमालकाच्या हातापाया पडून वीज घ्यायची परवानगी मिळवली. एका वकिलांच्या बंगल्यात जुनी विजेची शेगडी पडून होती. तिची तुटलेली तार त्यानं जोडली आणि ती मागून आणली. खोलीत वायर ओढताना त्याला दरदरून घाम फुटला. प्रत्येक जोड तो पुन्हा सोडून बघायचा. शेजारच्या गोजराबाई दारातून म्हणाल्या, "अरे गोरक्ष, तू तर रोजचं काम करतोस हे."

"घरातलं नाय केलं कधी," तो म्हणाला.

बटण दाबलं. तार हळूहळू लाल झाली. धूर नाही, आवाज नाही. तोवर अंथरूण धरलेली कुसाबाई उठून बसली आणि लहान मुलीसारखी बघत राहिली.

"हे आधी आणायला हवं हुतं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच त्याला सोसवलं नाही.

डॉक्टर घरी येऊन गेले. त्यांनी शेगडीकडे पाहिलं, बरं केलंत म्हणाले, आणि बाहेर ओट्यावर आल्यावर गोरक्षला सांगितलं, की छातीत आता काही उरलेलं नाही.

त्यानंतर स्वयंपाक गोरक्षच करी. कुसाबाई पडल्या पडल्या सांगायची, "पीठ अजून मळा. पाणी कोमट घ्या." दोन शब्दांमधे तिला दम खावा लागे. भाकरी तो तिच्यापुढे ठेवी, ती तुकडा मोडून हातातच धरून बसे.

"गिळवत नाय हो."

"घासभर खा. माझ्यासाठी."

ती घास तोंडात घाली आणि तो नजर वळवेपर्यंत चावत राही.

मार्गशीर्षात एका सकाळी तिनं मऊ भात मागितला. किती दिवसांनी तिनं काही मागितलं होतं! त्यानं तांदूळ धुतले, पातेलं शेगडीवर ठेवलं आणि तिला सांगायला वळला. ती भिंतीकडे तोंड करून होती. त्यानं खांद्याला हात लावला, हाक मारली, पुन्हा मारली. मग तिथंच तिचा हात हातात घेऊन तो बसून राहिला.

करपल्याचा वास बाहेरपर्यंत गेला. गोजराबाई धावत आल्या. "अरे, भात लागला, बंद कर ते!" त्या ओरडल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

गोरक्ष उठला नाही. वीज कशी बंद करायची ते गोजराबाईंना माहीत नव्हतं, आणि बटणाला हात लावायची त्यांना भीती वाटत होती. पातेलं काळं पडत गेलं.