गणपतीचा ट्रॅक्टर

ट्रॅक्टरखाली ‘टप्’ करून पेट्रोलचा थेंब पडला आणि उल्काने हातातला पाना गवतावर आपटला.

“परत?” गॅरेजच्या दारातून गुरुनाथने विचारलं. त्याच्या हातात चहाचे दोन कप होते आणि चेहऱ्यावर दाबून ठेवलेलं हसू.

“परत! कॉर्क चेंज केला, तोटी चेंज केली, कार्बोरेटरची सुई चेंज केली. आता नवरा तेवढा राहिलाय.”

“शैलेंद्रला फोन करून ठेवू का? बॅकअप म्हणून?”

“कर की! आणि आज जेवायलाही त्याच्याकडेच जा.”

शैलेंद्रचा चकाचक पिकअप म्हणजे उल्काच्या डोक्याला ताप होता. दर वर्षी अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळाचा गणपती त्याच पिकअपमध्ये बसून शाळेच्या आवारात मिरवायचा. यंदा, २००६ साली, उल्काने भर मीटिंगमध्ये सांगून टाकलं होतं, की गणपती माझ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसणार आणि ट्रॅक्टर मीच चालवणार! बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. अध्यक्ष कांचनताईंनी मात्र अट घातली, की शाळेच्या आवारात पेट्रोलचा एक थेंबही सांडता कामा नये. मिरवणूक उद्यावर आली होती आणि आज संध्याकाळी कांचनताई जातीने तपासायला येणार होत्या. ट्रॅक्टर गळताना दिसला, की गणपती पिकअपमध्ये. शैलेंद्र वर्षभर ऐकवणार, ते वेगळंच.

गाड्यांच्या कंपनीत इंजिनं डिझाइन करणारी बाई ही, आणि पन्नास वर्षांपूर्वीचं एक साधं यंत्र तिला दाद देईना! लिलावात घेतला तेव्हा पठ्ठ्या अगदी कोरडा होता. घरी आणून आठवडा झाला नाही, तोच त्याची टपटप सुरू झाली.

घरी आणला त्या दिवशी तिने मोठ्या हौसेने सासूबाईंना विचारलं होतं, “आई, याची पूजा करायची ना?” प्रतिमाबाई नुकत्याच नागपूरहून सहा महिने राहायला आल्या होत्या. त्यांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं, सुनेच्या ग्रीसने माखलेल्या हातांकडे पाहिलं.

“भंगाराला कसलं हळदकुंकू लावायचं?” एवढं म्हणून त्या आत गेल्या. ते वाक्य उल्काच्या फार मनाला लागलं होतं.

आता ती चहाला न शिवताच उठली. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरलं, की आतला फ्लोट वर येतो आणि सुईने वाट बंद करतो. नवी सुईही वाट बंद करत नाही, म्हणजे मध्ये काहीतरी अडकतंय. आणि आपण शहाण्या! दोनदा वाटी उघडली आणि दोन्ही वेळा पेट्रोल न बघता डब्यात ओतून दिलं.

“आई, चहाची जुनी गाळणी आहे का हो? परत मिळणार नाही पण!”

प्रतिमाबाई स्वतःच गाळणी घेऊन बाहेर आल्या आणि नाकाला पदर लावून तिथेच उभ्या राहिल्या.

उल्काने तोटी बंद केली, वाटी सोडवली आणि गाळणीवर हळूहळू रिकामी केली. पेट्रोल निथळून गेलं. जाळीवर तांदळाचा एक दाणा उरला. फिकट गुलाबी, कुंकवाचा रंग अजून थोडा धरून ठेवलेला.

तिने टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारला. तळाशी तसेच आणखी दाणे ऐसपैस पसरले होते. कचरा अडवणारी टाकीखालची जाळी फाटकी होती म्हणून तिनेच काढून टाकली होती, आणि नवी बसवायची राहूनच गेली होती.

तिने मान वर केली. प्रतिमाबाई गाळणीकडे बघत होत्या. मग उगाचच शेजारच्या मेपलच्या झाडाकडे बघू लागल्या.

“सापडलं का गं? काय होतं?” गुरुनाथ धावत आला.

“कचरा,” उल्का म्हणाली आणि तिने दाणा मुठीत मिटला. “जुन्या टाकीत असतोच.”

मग तिच्या अंगात वारं संचारलं! टाकी रिकामी करून धुतली, गाळणीची जाळी कापून टाकीखाली बसवली, पेट्रोल भरलं, तोटी उघडली. खाली पेपर पसरून दोघं नवराबायको पालथे पडून बघत राहिले. थेंब नाही. इंजिन धडधडलं, तरी थेंब नाही! संध्याकाळी कांचनताई भरजरी साडी सावरत खाली वाकल्या, त्यांनी टिश्यू फिरवला आणि उजेडात धरून पाहिला.

“कोरडा!”

उल्काने अध्यक्षांना उचलून गरकन फिरवलं, ग्रीसच्या हातांनीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी न सांगता, प्रतिमाबाई पूजेची थाळी घेऊन ट्रॅक्टरपाशी आल्या. हळदकुंकू लावून झालं. अक्षता चिमटीत घेऊन त्या अडखळल्या. उल्काने टाकीच्या झाकणावर तळवा घट्ट दाबून धरला.

“टाकीत फक्त एकदाच टाकल्या होत्यात ना, आई?”

“तू चालवायला बसणार असलीस, की दर वेळी,” प्रतिमाबाई पुटपुटल्या. “एवढं मोठं धूड. तुला काही झालं म्हणजे?”

उल्काला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. झाकणावरचा हात तसाच ठेवून तिने त्यांच्यापुढे डोकं वाकवलं.

“मग यापुढे इथे टाकत जा.”