हिरवा दिवा कोणत्या बाजूला

राजिवड्यातली हमिदा खोटं वागायला लागली ती एका खेळापायी. मोबाइलवरचा पोरांचा प्रश्नांचा खेळ, डाव एवढुसा की चहाला उकळी येईस्तोवर संपतो. दोघांना तेच पाच प्रश्न. एकाने सवडीने खेळून जायचं, मग दुसऱ्याने. पहिल्याने काय दाबलं ते दुसऱ्याला प्रश्नाखाली दिसतं. नक्कल करायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

खेळ लावून दिला होता तिच्या नवऱ्याने, फारुकने. तो मालवाहू जहाजावर खलाशी. जाताना लेकीला, अलिझाला, म्हणाला, "कुठेही असलो तरी रोज एक डाव." बोलायला काय जातं! थोडे दिवस खेळला. मग जहाज लांब गेलं, रेंज मिळेना, मिळाली तरी हा दमलेला. "उभ्या उभ्या झोप येते गो मला," तो फोनवर म्हणाला. "तूच समजाव तिला."

समजावणार काय, कपाळ! पोर शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी मोबाइल बघायची आणि तिचं तोंड एवढंसं व्हायचं. घरात मायलेकीच. शेवटी हमिदाने कपाटातून फारुकचा जुना फोन काढला. त्यात त्याच्या नावाचा खेळ तसाच उघडा होता. मागच्या दारी बसून ती अब्बा झाली आणि खेळली.

"अम्मी, अब्बा खेळले!" अलिझा घरभर नाचली.

मग ते रोजचंच झालं. खरं सांगायचं तर त्या पाच प्रश्नांपुरतं हमिदालाही बरं वाटायचं. एरवी आज कालवण कशाचं, याखेरीज तिला कोण काय विचारत होतं?

एके दिवशी प्रश्न आला: बोटीच्या उजव्या बाजूला कोणत्या रंगाचा दिवा असतो? हमिदा हसली. लहानपणापासून संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर ती खाडीच्या तोंडाकडे बघत आलेली. आधी बापाची वाट, मग भावांची, मग जहाजावर लागायच्या आधीच्या फारुकची. घरी येणाऱ्या बोटीचा हिरवा दिवा डावीकडे, लाल उजवीकडे. तिने बिनधास्त लाल दाबलं आणि खेळाने फुली मारली. "मेल्यांना काय ठाऊक समुद्र!" ती पुटपुटली.

मग अलिझाची पाळी. भाकरी थापता थापता हमिदा तिच्याकडे बघत होती. त्या प्रश्नावर पोर थांबली. बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग तिनेही लालच दाबलं.

"दोघंही चुकलो," ती म्हणाली आणि मोबाइल पालथा घालून बाहेर गेली.

जुम्म्याला फारुकचा फोन आला, तेव्हा हमिदाने त्या खेळाची तक्रारच केली. तो हसला. "हिरवाच गो उजवीकडे. तू बघतेस ते किनाऱ्यावरून, बोट तुझ्याकडे तोंड करून येताना. बोटीत उभं राहून बघायचं. आणि जाणाऱ्या बोटीचे तर ते दोन्ही दिसत नाहीत, मागून दिसतो तो पांढरा." मग म्हणाला, "अलिझाला विचार. जेट्टीवर नेऊन पाठ करून घेतलंय मी तिच्याकडून. झोपेतून उठवलंस तरी हिरवा सांगेल."

फोन ठेवल्यावर हमिदाला एकेक उमगत गेलं. जाणारी बोट तिने कधी धड बघितलीच नव्हती. निरोप दिला की पाठ फिरवून चुलीकडे यायची. पण ते राहू दे. पोरीला हिरवा ठाऊक होता. अब्बा लाल दाबणार नाहीत, हेही ठाऊक होतं. अम्मीची चूक एकटी पडू नये म्हणून पोर मुद्दाम चुकली होती, आणि हे मनात ठेवून इतके दिवस एकटीच घरात वावरत होती. हमिदाला हाक मारून तिला जवळ घ्यावं असं वाटलं, पण मग दोघींकडे उरणार काय होतं?

बाहेरच्या खोलीतून अलिझाचा आवाज आला, जरा मोठ्यानेच. "अम्मी, माझं खेळून झालं गो. आता अब्बांची पाळी."

"खेळतील हो, वेळ मिळाला की," हमिदा म्हणाली. तिने डोळे पुसले, जुना फोन ओढणीखाली घेतला आणि ती मागच्या दारी गेली.